गिऱ्हाईक की दुकानदार?

संध्याकाळी सुभाष रोडवरून एक फेरी मारल्याखेरीज ज्यांना चैन पडत नाही अशा धारवाडकरांपैकी प्रस्तुत लेखक एक आहे. शाळा सुटली, वह्यांचा गठ्ठा घरी टाकला, की पाय आपोआप तिकडे वळतात. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने, चपलांची, वह्या-पुस्तकांची. मध्येच एखाद्या माडीवर १९३३ पासून कन्नड वाङ्मयाची सेवा करीत आलेल्या मनोहर ग्रंथमालेसारखी संस्था. या रस्त्यावर काही विकत घ्यावयाचे असो वा नसो, व्यापार म्हणजे काय हे नुसत्या चालण्याने कळते. भांडेवाल्याकडे पातेले आहे, आपल्याला पातेले हवे आहे. थोडी घासाघीस होते, पैसे दिले जातात, पातेले घरी येते, आणि पुढले पातेले लागेपर्यंत आपण आणि तो भांडेवाला एकमेकांचे काही देणे लागत नाही.

आता अशी कल्पना करा, की एके दिवशी हाच भांडेवाला आपल्याला म्हणाला, "पातेले राहू द्या. तुम्ही माझ्याशेजारी भांड्यांचे दुकानच घाला. सुरुवातीचा माल माझ्याकडून घ्या, आणि आणखी सहा जणांना असेच दुकान घालावयास लावा. ते सहाजण जो माल उचलतील त्यावर तुम्हाला दलाली. ते ज्या छत्तीस जणांना आणतील त्यांच्या मालावरही दलाली." आपण त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहू. ज्याला धंदा कळतो तो आपल्या शेजारी आपल्याच मालाचे दुसरे दुकान निघू नये म्हणून देवाला नारळ वाहतो. आणि हा तर प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानदार करावयास निघाला! सारेच दुकानदार झाल्यावर पातेले घ्यावयाचे कोणी? रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांड्यांचीच दुकाने, प्रत्येकात एक मालक वाट पाहत बसलेला, आणि रस्ता ओस.

रस्त्यावर जी गोष्ट वेडगळ वाटते तीच घराच्या बैठकीत, ओळखीच्या माणसाच्या तोंडून, चहाच्या पेल्याबरोबर ऐकली म्हणजे मात्र शहाण्यासुरत्या माणसांनाही पटते. तिला हल्ली 'नेटवर्क मार्केटिंग' म्हणतात. पुस्तकी नाव बहुस्तरीय विपणन. आपल्याकडे लोक सरळ 'चेन मार्केटिंग' म्हणतात, आणि मला तेच नाव अधिक प्रामाणिक वाटते. कारण साखळी म्हटली की तिची शेवटची कडीही डोळ्यांपुढे येते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. आपल्याच शाळेतून दहावी झालेला एक विद्यार्थी घरी आला. पीयूसीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून तो सुभाष रोडवरील एका कापडाच्या दुकानात कामाला लागला होता, हे मला ठाऊक होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि हा गळ्यात टाय बांधून आला होता. बरोबर एक गृहस्थ होते, त्यांनाही तो 'सर' म्हणत होता. नमस्कार झाला, पाऊसपाण्याची चौकशी झाली, आणि मग त्याने "सर, तुमची फक्त वीस मिनिटं द्या" म्हणून माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून घेतला. कागदाच्या वरच्या अंगाला एक वर्तुळ काढले. "हे तुम्ही." त्याखाली सहा वर्तुळे. "तुम्हाला फक्त सहा माणसं शोधायची, सर. बाकी सगळं आपोआप." कागद वर्तुळांनी भरत गेला आणि खालच्या कोपऱ्यात एक लाखाचा आकडा उमटला, दर महिन्याचा.

मी गणित शिकवतो. त्या क्षणी पेन्सिल माझ्या हाती यावयास हवी होती. परंतु भीड ही वस्तू मोठी वाईट आहे. मुलगा आपला, त्याच्या डोळ्यांत एवढी उमेद, तिऱ्हाईत माणूस समोर बसलेला. माझ्या पत्नीने एक दंतमंजनाची नळी आणि दोन साबण घेतले. किंमत बाजारातील नेहमीच्या साबणाच्या कितीतरी पट होती. ती म्हणाली, "असू दे, पोरगं काहीतरी धडपडतंय." आणि मी, "सर, निदान पाच नावं तरी द्या" या आर्जवापुढे मान तुकवून, पाच ओळखीच्या माणसांची नावे व फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिले. त्या पाचांतील एक आपल्या शाळेचे निवृत्त शिपाई होते. सरांनी नाव दिले म्हणजे गोष्ट चांगलीच असणार, एवढ्या विश्वासावर ते त्या साखळीत शिरले. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ती चिठ्ठी आहे.

या धंद्याचे यंत्र आत कसे चालते ते मी पुढे त्या मुलाकडूनच समजून घेतले. सभासद होताना काही हजारांचा माल उचलावा लागतो. त्याला 'किट' म्हणतात. प्रत्येक वस्तूला किमतीखेरीज काही 'पॉइंट' असतात. दरमहा ठरावीक पॉइंटांचा माल स्वतःच्या नावावर घेतला तरच त्या महिन्याची दलाली हाती पडते. नाही घेतला, तर खाली कितीही माणसे असोत, तो महिना कोरडा. म्हणजे दलाली मिळावी म्हणून माल घ्यावयाचा, आणि घेतलेला माल खपत नाही म्हणून तो पलंगाखाली रचावयाचा. कंपनीच्या वहीत मात्र ही सारी 'विक्री' म्हणूनच नोंदली जाते. ज्याने आपल्याला आणले तो 'अपलाईन', आपण ज्यांना आणले ते 'डाउनलाईन'. काही योजनांत दोनच हात असतात, डावा आणि उजवा. दोन्ही बाजूंचा माल सारखा भरला तर त्या जोडीवर पैसे. एका बाजूला शंभर माणसे आणि दुसऱ्या बाजूला तीन असली तर हिशेब तिनांचाच होतो. बिचारा सभासद रोज रात्री 'डावी बाजू भरली, आता उजवीला दोन पाहिजेत' म्हणून तळमळत असतो आणि ती उजवी भरण्यासाठी, कोणी मिळेना तर, स्वतःच्या आईचे नाव घालून आणखी एक किट उचलतो.

आणि पहिला धडा कोणता, तर नावांची यादी. साबण कसा विकावा हे नव्हे, मालात काय आहे हेही नव्हे. नव्या सभासदाला वही देऊन शंभर नावे लिहावयास सांगतात: मामा, मावशी, शेजारी, वर्गमित्र, लग्नात भेटलेले, प्रवासात ओळख झालेले, आणि हो, शाळेतील सर. दुकानदार भांडवल म्हणून पैसा घालतो, जागा घालतो. येथे भांडवल म्हणून घातली जाते ती माणसाची आयुष्यभराची ओळख. कंपनीला जाहिरातीवर खर्च करावा लागत नाही याचा मोठा डौल मिरवला जातो; तो खर्च कोणाच्या खात्यातून होतो हे कोणी सांगत नाही. 'नाही' म्हणणे अवघड जावे अशाच माणसाला पुढे पाठविले जाते, यात या पद्धतीचे सारे बळ आहे. मला कोणी अनोळखी विक्रेता त्या साबणाच्या वड्या विकू शकला नसता.

जो हिशेब मी श्रावणात करावयास हवा होता तो येथे करतो. सातवी-आठवीच्या मुलांनी वहीत करून पाहावा. एकाने सहा आणले, त्या प्रत्येकाने सहा: ३६. मग २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६. ही सातवी पायरी झाली. आठव्या पायरीला १६,७९,६१६ नवी माणसे लागतात. हुबळी-धारवाड महानगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आतच होती. म्हणजे पाळण्यातील मुलापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत सर्वांना सभासद केले तरी आठवी पायरी निम्मीच भरते. दहाव्या पायरीला ६,०४,६६,१७६ माणसे हवीत. २०११ साली साऱ्या कर्नाटकाची लोकसंख्या सुमारे ६ कोटी ११ लाख होती. तेराव्या पायरीचा आकडा १,३०६ कोटींवर जातो, आणि पृथ्वीवर आज ८०० कोटींहून थोडी अधिक माणसे आहेत. पुढची माणसे चंद्रावरून आणावी लागतील, असे मी वर्गात म्हटले तेव्हा मुले हसली. परंतु मला विशेष सांगावयाचे आहे ते हे नव्हे.

पृथ्वी संपण्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. साखळी कोठेही थांबवा, तिसऱ्या पायरीला थांबवा वा सातव्या. तिसऱ्या पायरीला एकंदर माणसे किती? १ + ६ + ३६ + २१६, म्हणजे २५९. त्यांपैकी २१६ शेवटच्या ओळीत आहेत. त्यांच्या खाली कोणीही नाही. सातव्या पायरीला एकूण ३,३५,९२३ आणि शेवटच्या ओळीत २,७९,९३६. दोन्ही ठिकाणी भागाकार करून पाहा: शंभरातील ८३ माणसे तळाला. शेवटच्या दोन ओळी धरल्या तर शंभरातील ९७. सारे सभासद अर्जुनासारखे एकाग्र असोत, भीमासारखे कष्टाळू असोत, हा आकडा हलत नाही. जितकी मेहनत अधिक तितकी साखळी लांब, आणि साखळी जितकी लांब तितकी तळाची ओळ मोठी. परीक्षेत सर्वांनी उत्तम अभ्यास केला तर सर्व उत्तीर्ण होऊ शकतात. येथे सर्वांनी उत्तम अभ्यास केला तरी ८३ जण अनुत्तीर्ण व्हावेत अशीच प्रश्नपत्रिका काढलेली असते.

प्रत्यक्षात सहाच्या सहा कोणाला मिळत नाहीत. कोणाला दोन मिळतात, कोणाला एकही नाही, आणि मधली माणसे गळत राहतात. म्हणून वर्तुळांचा तो सुबक मनोरा कागदाबाहेर कधी उभा राहत नाही. पण त्यामुळे तळच्यांचे नशीब सुधारते असे नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेले मिळकतीचे तक्ते तपासून अहवाल काढला. बहुतेक सभासदांची मिळकत वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरच्या आत भरली. आणि त्यातून माल, प्रवास, सभांची तिकिटे यांचा खर्च बहुतेक तक्त्यांत वजा केलेला नव्हता. काही कंपन्यांत तर बहुसंख्य सभासदांच्या हाती काहीच पडले नव्हते. हे आकडे टीकाकारांचे नव्हेत, कंपन्यांचे आहेत.

ही पद्धत निघाली अमेरिकेतच. १९४५ साली न्यूट्रिलाइट नावाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकण्यासाठी दोन विक्रेत्यांनी ती बसविली. त्याच गोळ्या विकणाऱ्या दोन मित्रांनी पुढे १९५९ मध्ये अ‍ॅमवे ही कंपनी काढली. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये अ‍ॅमवेला पिरॅमिड ठरविले नाही. त्याला कारण कंपनीचे काही नियम होते: घेतलेल्या मालापैकी बराचसा विकल्याखेरीज नवा घ्यावयाचा नाही, दरमहा काही खरी गिऱ्हाइके दाखवावयाची, न खपलेला माल परत घ्यावयाचा. मिळकतीच्या अतिशयोक्त गोष्टी सांगितल्याबद्दल मात्र कंपनीला समज मिळाली. आपल्याकडे १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि १९९८ पासून अ‍ॅमवेने भारतात व्यापार सुरू केला. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तिच्या योजनेला १९७८ चा कायदा लागू होतो असे मत दिले. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तिची ७५७ कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता गोठविली. आपला व्यवहार कायद्याला धरूनच आहे, असे कंपनीचे म्हणणे आहे. तो वाद न्यायालयांचा आहे. आपण त्यात निकाल देण्याचे कारण नाही. आपल्यापुरता धडा एवढाच, की या धंद्याच्या गुणदोषांची परीक्षा माल किती पांढरा धुतो यावरून होत नाही. तो माल साखळीबाहेरचा माणूस घेतो की नाही, यावरून होते.

जेथे माल नावालाच असतो तेथे तर काय होते, ते मुंबईने २०११ साली पाहिले. 'स्पीक एशिया' नावाच्या कंपनीत ११,००० रुपये भरून वर्षभराचे सभासद व्हावयाचे. आठवड्याला संगणकावर दोन प्रश्नावल्या भरल्या की १,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ५२,०००. शिवाय नवी माणसे आणल्यास वेगळे बक्षीस. वरकरणी केवढे सोपे आणि प्रतिष्ठेचे काम! भागाकार कोणी केला नाही. ११,००० भरणाऱ्याला ५२,००० द्यावयाचे तर प्रत्येक जुन्या सभासदामागे जवळजवळ पाच नव्यांची वर्गणी लागते, आणि त्या पाचांना देण्यासाठी जवळजवळ चोवीस जणांची. त्या प्रश्नावल्या पैसे देऊन विकत घेणारे खरे गिऱ्हाईक होते कोण, हा प्रश्न विचारावयास सुमारे वर्ष लागले. तोवर, पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे, २४ लाखांच्या आसपास माणसांचे २,२०० कोटींहून अधिक रुपये त्यात गेले होते. मग २०१४ मध्ये नाशिक-परभणीकडे पैसे तिप्पट करून देणारी 'केबीसी'ची योजना कोसळली. २०१८ मध्ये पुण्या-नांदेडकडे 'गेनबिटकॉइन' गाजले; तेथे महिन्याला दहा टक्के, असे अठरा महिने, ही बोली होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये दादरला 'टोरेस'च्या दाराशी जो जमाव उसळला त्यात भाजी विकणारी माणसे होती. चमकणारे खडे घ्या, दर आठवड्याला पैसे घ्या, आणखी माणसे आणा म्हणजे आणखी घ्या, असे त्यांना सांगितले गेले होते. साबण, गोळ्या, प्रश्नावली, आभासी नाणे, खडा: वस्तू बदलते, वर्तुळांचा कागद बदलत नाही. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण २०१९ चे. 'ई-बिझ' या नोएडाच्या कंपनीविरुद्ध हैदराबादकडे सायबराबाद पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा तिच्या जाळ्यात महाविद्यालयीन मुलेच फार निघाली. सोळा हजारांहून अधिक रुपयांना संगणकाचा अभ्यासक्रम द्यावयाचा, आणि तो शिकण्यापेक्षा वर्गमित्रांना विकण्यातच खरी कमाई आहे असे सांगावयाचे, ही तिची रीत होती.

कायदा झोपलेला आहे असे मुळीच नाही. बक्षिसांच्या भिशा आणि पैसा फिरविण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ पासून आहे. नवे सभासद येण्यावर ज्या योजनेतील पैसे अवलंबून असतात ती चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नवे नियम निघाले. त्यांनुसार सभासद होण्यासाठी शुल्क घेता येत नाही, नुसते माणूस आणल्याबद्दल पैसे देता येत नाहीत, आणि 'तुम्ही आणखी चौघांना सांगा म्हणजे वस्तूची किंमत वसूल होईल' असे सांगून माल विकता येत नाही. एवढेच नव्हे, तर ओळखपत्रावाचून आणि आधी वेळ ठरविल्यावाचून विक्रेत्याने कोणाच्या घरी जाऊ नये, असाही नियम आहे. तो वाचला तेव्हा मला श्रावणातील ती संध्याकाळ आठवून हसू आले. ज्याला आपण पहिलीपासून ओळखतो त्याच्याकडे ओळखपत्र कोण मागणार?

या धंद्याचे प्रवक्ते हजरजबाबी असतात. त्यांचा एक आवडता युक्तिवाद असा, की शाळाही मनोराच नव्हे काय? वर एक मुख्याध्यापक, खाली शिक्षक, त्याखाली शेकडो विद्यार्थी. मी यावर बराच विचार केला, कारण प्रश्न विचारणारा माझाच विद्यार्थी होता. आमचा पगार तुम्ही किती मुलांना शाळेत आणले यावर ठरत नाही, हे तर झालेच. पण त्याहून मोठा भेद असा, की शाळेत तळाला आलेले मूल दहा वर्षांनी वरून बाहेर पडते, आणि बाहेर पडताना काही घेऊन जाते. विमा एजंटाचे उदाहरणही देतात. विमा घेणाऱ्याला एजंट व्हावे लागत नाही. त्याला हवा असतो तो विमाच.

आणि भिशीशी तर या साखळीची तुलना करूच नये. आपल्या आया-मावश्यांनी चालविलेली भिशी घ्या. वीसजणी, दरमहा पाचशे. दहा हजार एकीला, वीस महिन्यांत प्रत्येकीची पाळी. कोणी आधी घेते, कोणी नंतर. पण ज्याचे त्याला मिळते आणि एकविसाव्या बाईची कोणाला गरज लागत नाही. तिच्यात फायदा असा नाहीच. सोय आहे, आणि महिन्यातून एकदा एकत्र बसून खाल्लेले पोहे आहेत. भिशीत जुन्या ओळखी घट्ट होतात. साखळीत त्या वटवल्या जातात. आमच्या लहानपणी 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट होईल' अशी निनावी पोस्टकार्डे येत. तीही साखळीच, पण त्यात अकरा कार्डांपलीकडे कोणाचे काही जात नसे.

मालच उत्तम आहे, असे कोणी म्हणेल. असेलही. साबण साबणच होता. त्याला वास बरा होता. मी त्या मुलाला एवढेच विचारले होते, "उद्या नवे सभासद घेणे बंद झाले, तर या किमतीला ही वडी कोण घेईल?" तो बराच वेळ गप्प होता.

हा प्रश्न मी विचारला तो मात्र श्रावणात नव्हे, त्याच वर्षीच्या दिवाळीत. पाडव्याला तो एकटाच आला. गळ्यात टाय नव्हता. कापडाच्या दुकानातील नोकरी त्याने भाद्रपदातच सोडली होती, पूर्ण वेळ सभा करता याव्यात म्हणून. आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या होत्या. त्याच्या खाली आलेल्या अकरा जणांपैकी नऊ नातेवाईक होते, आणि नऊही जणांनी बोलणे टाकले होते. मामाने तर घरी येऊन चार माणसांत, "भाच्याने मला गंडवलं" असे शब्द वापरले होते. त्याच्या वरच्या गृहस्थांनी त्याला काय सांगितले, तर "तुझ्यात जिद्द नाही. हरणाऱ्यांची सबब सांगू नकोस." त्या वाक्याने तो खचला होता, पैशापेक्षाही अधिक. अशा धंद्यात बुडालेली माणसे तक्रार करावयास पुढे का येत नाहीत, ते मला त्या दिवशी कळले. ज्याने आपल्याला आणले तो आपला, ज्यांना आपण आणले तेही आपले. बोट दाखवावयाचे कोणाकडे? मग माणूस ते स्वतःकडे वळवतो.

मी कपाटातून तो श्रावणातील कागद काढला. का ठेवला होता कोण जाणे. त्याच्याच वर्तुळांखाली आम्ही दोघांनी आकडे मांडले, २५९ पैकी २१६, भागाकार त्याने स्वतः केला. वर्गात भागाकारात त्याची नेहमी चूक होत असे. या वेळी झाली नाही. उत्तराकडे बघत तो हळूच म्हणाला, "म्हणजे सर, मी मेहनत कमी केली म्हणून नव्हे तर?"

"नव्हे," मी म्हणालो. "तू मेहनत जास्त केलीस. त्यामुळे आणखी अकराजण बुडाले."

हे बोलणे कठोर होते. पण तेच मला स्वतःलाही लागू होते, आणि मी तसे त्याला सांगितले. निवृत्त शिपायांच्या घरी आम्ही दोघे मिळून गेलो. त्यांनी उचललेला माल घेऊन कंपनीच्या कचेरीत दोन खेपा घातल्या. थोडा परत घेतला गेला, फोडलेली खोकी परत आली. राहिलेली रक्कम मी हप्त्याहप्त्याने त्यांच्या हाती ठेवली. ते घेत नव्हते. "सर, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" असे म्हणत होते. मुद्दाम तर त्या मुलानेही केले नव्हते.

तो पुन्हा त्याच कापडाच्या दुकानात आहे. मालकांनी फार काही न विचारता घेतले. संध्याकाळच्या फेरीत तो मला ठाणे उलगडताना दिसतो. पाटल्यांपैकी एक सुटली आहे. पलंगाखालच्या मालाचे काय करावे हा प्रश्न त्याच्या आईने सोडविला. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून त्या साबणाच्या वड्या लुटल्या. माझी पत्नीही गेली होती. तिला दोन मिळाल्या. गल्लीतील सगळ्या बायका आल्या होत्या. मामी आली नाही.